अपात्र ठरवणारे तुम्ही कोण?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



मला सांगितलं होतं, कवितेवर बोल. मी कवितेवर बोलणार नाही. कवितेच्या कच्च्या मालावर बोलणार आहे, म्हणजे शब्दांवर. तेही सगळ्या शब्दांवर नाही. आपल्या भाषेत शब्दांची एक टोळी आहे. तिचं काम एकच. दाराशी उभं राहायचं आणि आत येणाऱ्याच्या छातीवर हात ठेवायचा. अपात्र. अयोग्य. नालायक. नापास. बाद. रद्द. नामंजूर. अवैध. अनफिट. रिजेक्ट. वाळीत. पंक्तिबाह्य. क्षमस्व.

पाळण्यापासून मसणवट्यापर्यंत या टोळीतला कुणी ना कुणी आपल्या वाटेवर उभा असतो. मसणवटासुद्धा सुटलेला नाही. या पुरोगामी महाराष्ट्रात अशी गावं आहेत की जिथं आपल्या माणसाचं प्रेत गावच्या स्मशानात येऊ देत नाहीत. जिता माणूस तर अपात्र असतोच, आपलं मढंसुद्धा अपात्र असतं.

विद्यापीठातले विद्वान शब्द तपासतात तेव्हा धातू काढतात, प्रत्यय काढतात. मी दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक, आणि गोदीत माल उचलतो. माझ्याकडं धातू-प्रत्ययाची हत्यारं नाहीत. पण गोणीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय ती कुठल्या थप्पीला लावायची ते कळत नाही, एवढं मला रोजच्या कामानं शिकवलंय. माणसावर काय लिहिलंय तेही असंच वाचलं पाहिजे. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि त्या लिहिण्यामुळं आपली रवानगी कुठल्या थप्पीला झाली.

या टोळीची वंशावळ बघा. अपात्र, अयोग्य, पंक्तिबाह्य हे संस्कृताच्या घरचे. नालायक, नामंजूर, रद्द, बाद हे फारसी-अरबीच्या वाटेनं दरबारातून आले. नापासचं अर्धं धड फारसी, अर्धं इंग्रजी. अनफिट, रिजेक्ट, डिसक्वालिफाय साहेबानं आणले. राज्यं बदलली. बादशहा गेले, पेशवे गेले, साहेब गेला. माणसाला बाहेर ठेवायचे शब्द मात्र प्रत्येकजण इथंच ठेवून गेला. आणि गंमत बघा. ज्या समाजाला शेजारच्या माणसाची सावली चालत नव्हती, त्याला माणूस हाकलायचा परका शब्द लगेच चालला. त्या शब्दाला कुणी गोमूत्र शिंपडून घेतलं नाही.

आता 'अपात्र' हाच शब्द घ्या. पात्र म्हणजे काय? भांडं. ज्याच्या भांड्यात दान टाकावं, तो दानाला पात्र. म्हणजे पात्रता ही मुळात भांड्याची गोष्ट आहे. कुणाच्या पुढ्यात वाढायचं आणि कुणाच्या नाही, याची गोष्ट आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला ५१ वा श्लोक काढा. चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावं, कुत्री आणि गाढवं हीच त्यांची दौलत, असा तो हुकूम आहे. त्याच श्लोकात या माणसांसाठी एक शब्द वापरलाय : अपपात्र. टीकाकारांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की यांनी वापरलेलं भांडं घासूनपुसून शुद्ध होत नाही, ते टाकूनच द्यावं लागतं. लगेच पुढच्या श्लोकात यांनी फुटक्या भांड्यात जेवावं, मेलेल्याचे कपडे अंगावर घालावेत, हेही सांगून टाकलंय. 'अपपात्र' आणि 'अपात्र' यांच्यात फक्त एका 'प'चा फरक. व्याकरणवाले म्हणतील, हे दोन शब्द निराळे आहेत. असतील बाबा. उपाशी पोटाला तो 'प' दिसत नाही.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी ते पुस्तक जाळलं. पुस्तक जळालं, भांडं नाही फुटलं. चहाच्या हॉटेलात आपल्यासाठी वेगळा कप, बाहेर कोनाड्यात ठेवलेला, आपणच विसळायचा आणि आपणच परत ठेवायचा, हे आपल्या आईबापांनी बघितलंय.

क्रिकेटवाल्यांसाठी एक उदाहरण देतो. पालवणकर बाळू. चांभाराच्या घरातला, डावखुरा गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्याचं मैदान राखता राखता साहेबांना चेंडू टाकायचा. हिंदूंच्या संघानं त्याला घेतलं ते समतेचं भरतं आलं म्हणून नाही, गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या सुट्टीत बाकीचे आत, चिनी मातीच्या कपातून पिणार. बाळू बाहेर, मातीच्या भांड्यातून. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसानं शंभरावर बळी घेतले. पण संघाचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. त्याच्या भावाला, विठ्ठलला, ते १९२३ मध्ये मिळालं. म्हणजे समोरच्याला बाद करायचं काम बाळूचं, आणि कप्तानांच्या यादीतून बादही बाळूच. चेंडूला पात्र, कपाला अपात्र.

इथं कुणी म्हणेल, बाबा, त्याला खेळात अंग नव्हतं असं तर कुणी म्हणालं नाही. बरोबर. तेच माझं म्हणणं आहे. अपात्र हा शब्द अंगातल्या गुणाबद्दल बोलतो असं दाखवतो. प्रत्यक्षात तो जागेबद्दल बोलतो. तू काय करू शकतोस याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तू कुठं उभा राहायचंस, एवढंच तो सांगतो.

पटत नसेल तर उलट बाजूनं बघा. या देशात अशी कामं आहेत की ज्यांना आपण कधीच अपात्र नव्हतो. मेलेलं ढोर ओढायला पात्र. गावचा सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायला पात्र. पाटलाच्या दारचं सरपण फोडायला पात्र. त्याला नाव काय दिलं? हक्क! बावन्न हक्क! शिळी भाकर मागून आणायची ती हक्कानं. आणि आज? गटारात उतरायला कुणी 'अयोग्य' ठरल्याचं ऐकलंय का? तिथं लेखी नाही, तोंडी नाही, वयाची अट नाही, जातपडताळणी तर नाहीच नाही. तिथं जात न सांगता पडताळलेली असते. हातानं मैला काढायला लावण्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या. २०२३ मध्ये तोच आकडा ३० लाख केला. मेल्यावर ३० लाखाला पात्र. जिवंतपणी मास्कला आणि बुटाला पात्र नाही.

आणि तीच व्यवस्था विद्यापीठात प्राध्यापकाची राखीव जागा भरायला बसते तेव्हा तिचे डोळे एकदम बारीक होतात. डिग्री आहे, नेट आहे, पीएच.डी. आहे, मुलाखत झाली. मग फाइलवर इंग्रजी शेरा येतो : नन फाउंड सुटेबल. मराठीत : 'योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही.' समोर खुर्चीत बसलेला, घाम पुसत उत्तरं देणारा माणूस 'उपलब्ध झाला नाही'! अशा जागा साचत जातात, त्याला 'अनुशेष' म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये चर्चेत आलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एका मसुद्यात, राखीव जागेला उमेदवार मिळाला नाही तर ती खुली करायची वाट दाखवली होती. देशभर ओरडा झाला, मग मंत्रालयानं खुलासा केला की एकही जागा खुली होणार नाही. खुलासा ओरडल्यावर आला, हे ध्यानात ठेवा. न ओरडता आजपर्यंत एकही खुलासा आलेला नाही.

आता मी माझ्या मुद्द्यावर येतो. हा मुद्दा व्याकरणाचा आहे, पण झोपू नका.

आपण म्हणतो, 'तो नापास झाला.' 'ती अपात्र ठरली.' 'त्यांचं नाव वगळलं गेलं.' 'अर्ज बाद झाला.' ही वाक्यं नीट ऐका. यांत करणारा कोण आहे? कुणीच नाही. पाऊस पडला, आंबा पिकला, तसा अर्ज बाद झाला. आपोआप. सरकारी मराठीनं तर यात पीएच.डी. केलीय. 'कळविण्यात येते की.' 'विचार करता येणार नाही.' 'निकाली काढण्यात आला आहे.' कोण कळवतंय? कोण विचार करत नाही? कुणी काढला निकाल? सही असते ती वाचता येत नाही, आणि वाक्यात तर माणूसच नाही.

गोदीत क्रेनच्या झोळीतून गोणी घसरते, कठड्याला आपटते, फाटते. कागदावर काय येतं? 'डॅमेज'. झोळी कुणी कमी बांधली, दोर कधीचा जुना आहे, एका फेऱ्यात जास्त माल कुणी भरायला लावला, यातलं कागदावर काही नाही. दोष गोणीचा. गोणीच डॅमेज. माणसाचंही तसंच. आमच्या तुकडीतला एक म्हातारा, वीस-बावीस वर्षं पाठीवर ओझी वाहिलेला. कंत्राटदाराच्या माणसानं एक दिवस सांगितलं, हा अनफिट आहे, याचा पास नको. कंबर गेली हे खरंच होतं. पण 'अनफिट' या शब्दात कंबर कुणी खाल्ली ते कुठं आहे? शब्द म्हाताऱ्याच्या अंगावर चिकटवला आणि कंबर खाणारा मोकळा सुटला.

म्हणून मराठीच्या दोन क्रियापदांतला फरक आज पाठ करून घरी जा. ठरणे आणि ठरवणे. 'मी अपात्र ठरलो' यात दोष माझा. 'मला अपात्र ठरवलं' असं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : कुणी? एवढ्याशा 'व'मध्ये आपल्या लढ्याचं अर्धं बळ आहे. 'व' घातला की आरोपी हजर होतो.

हा 'व' घालून इतिहास वाचा. महार हे 'लढाऊ जात' नाहीत असं ठरलं, असं पुस्तकं सांगतात. ठरलं? की ठरवलं? १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला ज्यांनी रक्त सांडलं त्यांच्याच नातवंडांसाठी १८९० च्या दशकात इंग्रजांनी लष्कराचं दार लावून घेतलं. हत्यार तेच, हात तेच, फक्त साहेबाच्या वहीत जातींची नवी वर्गवारी आली. १८८८ मध्ये 'विटाळविध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः लष्करात नोकरी केलेला माणूस. त्यांनी भरतीसाठी सरकारकडं दाद मागितली. सरकारला ऐकू आलं नाही. मग दुसरं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडायला लागली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. रक्ताची गरज पडली की आपण लढाऊ. गरज संपली की अपात्र. पात्रता आपल्या अंगात नव्हती आणि अपात्रताही नव्हती. ती साहेबाच्या गरजेत होती.

आता आपल्या वस्तीकडं या. तुमच्या-माझ्या पिढीला 'अपात्र' हा शब्द मनुस्मृतीतून कळला नाही, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या यादीतून कळला. परिशिष्ट-२. त्यात नाव, झोपडीचा नंबर, पुरावे, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : पात्र किंवा अपात्र. आता बायका नळावर बोलतात ते ऐका. 'तुमचं काय झालं?' 'आम्ही अपात्र.' 'आमचं खालचं पात्र, वरचा माळा अपात्र.' झोपडं अपात्र नाही म्हणत त्या. आम्ही अपात्र म्हणतात. शब्द कागदावरून उठून अंगात शिरला.

आणि माप काय? तारीख. आधी १ जानेवारी १९९५. पुढं १ जानेवारी २०००. त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. म्हणजे ३१ डिसेंबर १९९९ ला मुंबईत झोपडं असलेला माणूस, आणि दोन दिवसांनी एस.टी.तून ट्रंक घेऊन उतरलेला त्याचाच सख्खा भाऊ. एक फुकट घराला पात्र, दुसरा नाही. दोघंही हीच मुंबई बांधणार, हिचाच कचरा उचलणार. आणि ही तारीख आकाशातून पडली नाही. आंदोलनं झाली, निवडणुका आल्या, तशी ती पुढं सरकली. १९९५ ला 'कायमचा अपात्र' असलेला माणूस पुढं पात्र झाला. तो बदलला होता का? त्याचं झोपडं बदललं होतं का? नाही. ठरवणाऱ्यांना ठरवणं बदलावं लागलं. म्हणून म्हणतो, अपात्र हा शब्द दगडावरची रेघ नाही, खडूची रेघ आहे. पण ती पुसायला हात लागतो. आपोआप पुसत नाही.

कागदाचंही तसंच. अनुसूचित जातीचा दाखला काढायला १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांच्या पणज्याला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाही, त्यांच्याकडं शाळा सोडल्याचा दाखला मागायचा. ज्यांच्या नावावर हातभर जमीन होऊ दिली नाही, त्यांच्याकडं सातबारा मागायचा. जे पालावर राहिले, ज्यांना १८७१ च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ पर्यंत तारेच्या कुंपणात, हजेरीच्या वहीत ठेवलं, त्यांना विचारायचं, रहिवासाचा पुरावा आहे का? आणि नसला की शेरा : 'अवैध'. अरे, पुरावा तुमच्याकडं आहे. पोलिसांच्या वहीत शोधा. तिथं आमच्या आज्याची रोजची हजेरी आहे, एकही खाडा नाही.

आणखी ऐका. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याला नागपुरात त्या शब्दांच्या घरातून बाहेर काढलं. लाखो माणसं एका दिवसात विटाळाचा धर्म सोडून माणूस झाली. सरकारच्या वहीत काय झालं? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद होता, की हिंदू धर्म न मानणारा अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांना घेतलं. बौद्धांना घ्यायला १९९० उजाडलं. महाराष्ट्र सरकारनं आपल्या हातातल्या सवलती दिल्या, पण दिल्लीच्या वहीत ३४ वर्षं आपण बाद. गावात विटाळ तोच, विहीर तीच, बहिष्कार तोच, आणि कागद म्हणतो, तुम्ही आता अस्पृश्य नाही! जी जात गावानं सोडली नाही ती कागदानं काढून घेतली, तीही फक्त नोकरी देताना. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले आपलेच भाऊबंद अजून त्या परिच्छेदाच्या बाहेर उभे आहेत. बौद्धांचं काम झालं म्हणून आपण त्यांना विसरलो असू तर मग नळावरच्या 'पात्र' शेजाऱ्यात आणि आपल्यात फरक काय?

आणि २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती. आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी १० टक्के. दुर्बल कोण? अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग सोडून बाकीचे गरीब. ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी ते टिकलं. म्हणजे या देशातला सगळ्यात गरीब माणूस गरीब म्हणून मोजायला अपात्र आहे. दारिद्र्यसुद्धा आपल्या नावावर लावून मिळत नाही! उद्या भुकेचीही जातपडताळणी करतील.

सगळ्यात गोड शब्द मी शेवटी ठेवलाय. क्षमस्व. वधू-वर सूचक जाहिराती वाचा. 'उच्चशिक्षित, निर्व्यसनी, पुरोगामी कुटुंब. जातीची अट नाही. एस.सी., एस.टी. क्षमस्व.' व्वा! जातीची अट नाही, पण क्षमस्व. पूर्वी 'दूर हो' म्हणायचे. आता वाकून, हात जोडून, सुसंस्कृत आवाजात दार लावतात. शहरातल्या घरभाड्याचंही तेच. 'फक्त शाकाहारी.' म्हणजे काय ते त्यालाही माहीत, आपल्यालाही माहीत. गटारीत मेलेल्याच्या बायकोची क्षमा कुणी मागत नाही. लग्नाच्या जाहिरातीत मात्र आपली क्षमा मागतात. एवढीच काय ती आपल्याला मिळालेली माफी.

पण मित्रांनो, फक्त त्यांच्याच तोंडातले शब्द मोजून आपण घरी गेलो तर ही सभा फुकट गेली. आपल्या वस्तीतलं बोलणं ऐका. 'त्यांच्यात सोयरीक? आपल्यात चालत नाही.' महाराचं पोरगं मांगाच्या पोरीबद्दल हेच वाक्य ऐकतं, आणि ते आईच्या तोंडून ऐकतं. भांडण झालं की पहिलं वाक्य : 'तुझी लायकी काय?' हे 'लायकी' कुठल्या दरबारातून आलं ते मघाशी सांगितलं. पोरगी पाळीची असली की बाजूला, विधवा झाली की हळदीकुंकवातून बाद. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ मध्ये ठराव केला की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. आपल्या किती वस्त्यांनी असा ठराव केलाय? जातपंचायतीनं माणूस वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, २०१७ पासून लागू आहे. कायदा त्यांच्या पंचायतीला आहे तसा आपल्यालाही आहे. ज्याच्या छातीवर आयुष्यभर हात ठेवला गेला, त्यानं आपला हात दुसऱ्याच्या छातीवर ठेवायचा नसतो. बुद्धवंदना म्हणताना हे आठवत नसेल तर वंदना घशातच राहिली.

आता शब्दांचं करायचं काय?

एक रस्ता सरकारचा आहे. शब्द बदला. काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवरचा 'अनुत्तीर्ण' काढला आणि 'कौशल्य विकासासाठी पात्र' असा शेरा आणला. बघा, 'पात्र'! आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पोराला सरकारनं पात्र म्हटलं, ते नापास करताना! शब्द पुसून दार उघडत नाही. 'हरिजन' आठवा. देवाची माणसं म्हणाले आणि देवळाबाहेर ठेवलं. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात हे नाव लादायला निघाले तेव्हा बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले होते. नाव ठेवायचा अधिकार कुणाचा, हा तो झगडा होता. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं टी.व्ही. वाहिन्यांना सूचना काढली, 'दलित' शब्द वापरणं टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. ज्या शब्दात आम्ही दळले गेलो हे सांगितलंय, दळणारा कोण हे विचारलंय, तो शब्दच बाद! 'अनुसूचित' म्हणजे यादीतला. त्यांना यादी चालते, दळणारं जातं दिसलेलं चालत नाही.

दुसरा रस्ता आम्हा कवींचा आहे. तोही जरा बघून घ्या. शिवी उचलायची आणि कपाळावर बिल्ल्यासारखी लावायची. मी अपात्र, मी नालायक, मी गटार. टाळ्या पडतात, अंकात छापून येतं. परिशिष्ट-२ मात्र जिथल्या तिथं राहतं. कवितेनं जखम दाखवली हे ठीक आहे. पण जखमेचं प्रदर्शन मांडून तिकीट लावायचं असेल तर मग कवितेचाही कंत्राटदार झाला.

तिसरा रस्ता बाबासाहेबांनी दाखवलाय. १९२४ ला सभा काढली, नाव काय ठेवलं? बहिष्कृत हितकारिणी. १९२७ ला पत्र काढलं, नाव काय? 'बहिष्कृत भारत'. लाजून शब्द लपवला नाही, मिरवलाही नाही. 'बहिष्कृत' या शब्दात 'कृत' आहे बघा. केलेला. कुणीतरी केलेला! माणूस आपोआप बहिष्कृत होत नाही, त्याला बहिष्कृत करतात, हे त्या मथळ्यातच होतं. मघाशी मी जो 'व' म्हणालो तो बाबासाहेबांनी तेव्हाच मथळ्यावर छापला होता. आणि नुसतं पत्रच काढलं नाही. त्याच वर्षी महाडला तळ्यावर गेले. शब्द आणि पाऊल एकाच वर्षात.

म्हणून आपलं काम साधं आहे, पण रोजचं आहे.

या महिन्यापासून वस्तीत कुणीही 'आम्ही अपात्र' म्हणायचं नाही. 'आम्हाला अपात्र ठरवलंय' म्हणायचं. आज्जीला शिकवा, पोरांना शिकवा. पहिले आठ दिवस हसतील. मग विचारायला लागतील, कुणी ठरवलं? त्या प्रश्नापासून आपलं काम सुरू. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा स्टँप. कुणी तपासलं, कुठल्या नियमानं, कुठला पुरावा नाकारला, का नाकारला, हे लेखी मागायचं. यादीवर अपील करता येतं, ते मुदतीत करायचं. लिहिता येणाऱ्या प्रत्येकानं पाच घरं वाटून घ्यायची. राखीव जागेच्या मुलाखतीतून परत आलेल्या आपल्या मुला-मुलींनी घरी तोंड लपवून बसायचं नाही. पॅनेलनं कुणाला किती गुण दिले ते मागायचं.

आणि ज्यांच्या नावापुढं 'पात्र' लागलंय त्यांना मी हात जोडून नाही, डोळ्याला डोळा भिडवून सांगतो. बिल्डरला तुमच्या संमतीची सही लागते. अपात्र ठरवलेल्याची सही त्याला लागत नाही. म्हणजे शेजाऱ्याचं घर तुमच्या पेनात आहे. सही करायच्या आधी एकदा भिंतीपलीकडं बघा. यादीनं दोन रकाने केलेत ते कागदावर. गल्लीत रकाने नाहीत. तुम्ही एकट्यानं चावी घेऊन वर गेलात तर उद्या दुसरी यादी निघेल, दुसरी तारीख निघेल, आणि तेव्हा तुमच्या पोराच्या बाजूनं बोलायला खाली कुणी उरलेलं नसेल.

ज्यांनी आपल्याला भांड्यालासुद्धा अपात्र म्हटलं त्यांच्याकडून आपल्याला पात्रतेचा दाखला नको. माप आपल्याला दाखवा, एवढंच आपण म्हणतोय. ताजवा कुणाच्या हातात आहे ते बघू. वजनं कुठून आणली ते बघू. आणि ताजव्यात खोट निघाली तर माल परत जाणार नाही, ताजवा परत जाईल.

जय भीम!